आवाज ठेवायची जागा

"दुसरी कुठी हाय?"

गिऱ्हाइकानं काउंटरवर डिस्क ठेवली की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. नाव नाही, गाव नाही, काय बिघडलं तेही नाही. दुसरी प्रत कुठं आहे? आणि समोरचा माणूस "दुसरी कायची?" म्हणाला की भाऊ चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि डोळे मिटून गप्प बसायचे. डॉक्टरसुद्धा रोग्याला इतकं घाबरवत नसेल.

अकोल्यातल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर आमची दुकानं लागून होती. माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं, त्यांचं डिस्कचं. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे त्यांचं प्रवचन मला रोज फुकट ऐकू यायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. माल विकण्यापेक्षा गिऱ्हाइकाची चूक दाखवण्यात त्यांना जास्त रस असतो.

पेन ड्राइव्ह म्हणजे त्यांच्या लेखी पिशवी. "पिशवीत भाजी आनता का वर्सभर पिशवीतच ठेवता?" असं ते विचारायचे. मेमरी कार्ड नखाएवढं, हरवलं हे कळायलाच आठ दिवस लागतात. इंटरनेटवर ठेवणं चांगलं, "पन पासवर्ड कोनाले मालूम? पोराले. अन् पोरगा कुठी हाय? पुन्याले." हार्ड डिस्कवर मात्र त्यांचा जीव होता. तिच्यात चकती फिरते, हातातून पडली की संपली, पण जायच्या आधी किटकिट करते. "सांगून जाते बिचारी," म्हणायचे.

एकदा अचलपूरचे एक फोटोग्राफर आले. कॉम्प्युटर बंद पडलेला, आत तीन लग्नं. भाऊंनी प्रश्न विचारला तर ते छाती काढून म्हणाले, "हाय ना दुसरी कॉपी! सी ड्राइव्हमधलं समदं डीमधी टाकून ठेवलं."

"सी अन् डी एकाच डिस्कवर असतात, दादा. एका घराच्या दोन खोल्या. घराले आग लागली तं दुसऱ्या खोलीत बसून काय कराल?"

फोटोग्राफर रडकुंडीला आले. मग तीन दिवस खपून भाऊंनी तिन्ही लग्नं बाहेर काढली आणि वर त्यांना दोन वेगळ्या डिस्क घ्यायला लावल्या. एक घरी, एक सासुरवाडीला.

भाऊंची आणखी एक पद्धत होती. नव्या डिस्कवर सगळं उतरवून दिलं की जुनी डिस्क ते गिऱ्हाइकासमोर लाकडी ठोकळ्यावर धरायचे आणि ड्रिल मशीननं तिला आरपार तीन भोकं पाडायचे. धंदा नवा असताना त्यांनी एक जुनी डिस्क पुसून दुसऱ्याला विकली होती. ती नीट पुसली गेली नव्हती. एका घरातल्या मुलीचे फोटो बाजारात फिरले. त्या मुलीचे वडील दुकानात आले, दहा मिनिटं नुसते उभे राहिले आणि निघून गेले. तेव्हापासून ड्रिल. "कोनाच्या घरातलं कोनाच्या हाती जाऊ नाही," एवढंच कारण ते सांगायचे. मला या गोष्टीसाठी त्यांच्याबद्दल फार आदर वाटायचा. आजही वाटतो, म्हणून तर पुढचं लिहिणं सोपं नाही.

तेल्हाऱ्याहून अंगणवाडीच्या एक बाई आल्या. त्यांची एकोणीस वर्षांची एकुलती मुलगी डेंग्यूनं गेली होती. पोरगी वक्तृत्व स्पर्धा गाजवणारी. फोनवर काढलेले आपले व्हिडिओ ती वेळोवेळी एका हार्ड डिस्कवर भरून ठेवायची. फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला. राहिली ती डिस्क, आणि ती किटकिट करायला लागली होती.

"माह्या पोरीचा आवाज हाय याच्यात," बाई म्हणाल्या. "दुसरं काई नाही माह्यापाशी."

भाऊंनी त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. एक्केचाळीस व्हिडिओ होते, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस निघाले. बाई परत आल्या तेव्हा भाऊंनी त्यांना व्हिडिओ उतरवलेली काड्यापेटीएवढी नव्या जातीची डिस्क, एसएसडी, दाखवली. "हिच्यात फिरनारं काईच नाही, बाई. पडली तं पडू द्या. तुमच्या माघारी बी राहीन हे." मग साधी हार्ड डिस्कही दाखवली आणि हिच्यावर दुसरी प्रत घ्या म्हणाले. बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला घेईन. एरवी भाऊंनी त्यांना उठू दिलं नसतं. पण त्या नव्या वस्तूवर त्यांचा भारीच विश्वास बसला होता, आणि दुःखातल्या बाईला किती टोकायचं, असंही वाटलं असेल.

"जुनी फोडू का?"

"तुमी म्हनान तसं."

ड्रिल सुरू झालं तशा बाई दचकल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी पत्रिकेचा नमुना हातात घेऊन त्यांच्या दारातच उभी होते. थांबा, दुसरी प्रत होईपर्यंत राहू द्या, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? रोज प्रवचन ऐकणारी मी. नाही सुचलं.

त्यानंतर चार उन्हाळे गेले. बाई आल्या नाहीत. ती नवी डिस्क मुलीच्या कपड्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत होती, पेटी पत्र्याच्या खोलीत, आणि आमचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. इतक्या दिवसांत त्यांनी ती एकदाही लावली नव्हती. "आवाज आयकला असता तं मी काई कामाची राह्यली नसती," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. चौथ्या वर्षी धीर झाला. अंगणवाडीच्या कॉम्प्युटरला लावली. चालली नाही, म्हणून भाऊंकडे आल्या.

एक्केचाळीस व्हिडिओंची नावं, पोरीनंच दिलेली, पडद्यावर दिसत होती. एकही व्हिडिओ उघडत नव्हता.

भाऊ आठवडाभर झटले. मग स्वतः ती डिस्क खिशात घालून नागपूरला एका मोठ्या जाणकाराकडे गेले आणि तशीच परत घेऊन आले. मला म्हणाले, "हिच्यात वीज कोंडल्यावानी असते, ताई. वर्सानुवर्स लावलीच नाही तं हळूहळू निघून जाते. तपलेल्या जागी अजूनच लवकर. आता समजलं मले. चार वर्स मी लोकाईले काय सांगून राहिलो होतो?" मग म्हणाले, "जुनी हातात होती माह्या. किटकिट करत होती, पन होती."

बाईंना त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "नावं तं दिसतात ना? तेवढी छापून द्या." छापून मी दिली.

त्या दिवसापासून ड्रिल मशीन बंद झालं. भाऊ सकाळभर फोन करायचे, ज्या ज्या घरी ती वस्तू विकली त्या त्या घराला. "डिस्क लावून पाहा. आजच पाहा." लोक हसायचे, काही वैतागायचे. नव्या गिऱ्हाइकाला ते एवढंच सांगत, की कोणत्याच वस्तूचा भरवसा नाही, दोन घ्या, वेगवेगळ्या जातीच्या, आणि उघडून पाहत जा. दुकानातली गर्दी कमी झाली. भरवसा नाही हे ऐकायला कोण येतं?

आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाई येऊ लागल्या. ही कल्पना भाऊंची. ते यादीतलं एक नाव वाचायचे, कधी दोन. त्या व्हिडिओत काय होतं ते बाई आठवून सांगायच्या आणि भाऊ वहीत लिहून घ्यायचे. पोरगी कुठं उभी होती, काय म्हणाली, कोणत्या शब्दावर अडखळली. "अडखळली तं पुढे काय केलं तिनं?" भाऊ विचारायचे. "जीभ चावली," बाई सांगायच्या. तेही ते लिहायचे. वक्तृत्वाचं एक आख्खं भाषण बाईंना तोंडपाठ होतं, ते चार पानं झालं. प्लायवूडच्या अलीकडे मी टायपिंग थांबवून ऐकत बसायची. बाई गेल्या की भाऊ वही माझ्याकडे आणायचे, मी झेरॉक्स काढायची, आणि ती पानं माझ्या कपाटात राहायची.

सव्वीस नावं झाली होती. एका दुपारी भाऊ खुर्चीतच गेले. शेजारी मी, आणि मला कळलंसुद्धा नाही. पंखा चालू होता, म्हणून वाटलं बसले असतील.

बाईंना कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. पहिल्या मंगळवारी त्या आल्या, बंद शटरसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग माझ्याकडे आल्या. मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"लई बारीक लिहीत होते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी आलीच हाओ तं वाचा. तुमाले येते ना लिहिता?"

मी यादी काढली, पेन घेतलं. सत्ताविसावं नाव पोरीनं इंग्रजी अक्षरांत पण आपल्याच भाषेत लिहिलं होतं.

"आई हसली," मी वाचलं.

बाईंनी पाण्याचा पेला बाकावर ठेवला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"कवा हसली असन मी?" त्या म्हणाल्या. "काहून हसली असन?"

त्यांची साडेचारची बस गेली, पाचचीही गेली. आम्ही दोघी बसून होतो. त्या नावापुढची ओळ अजून कोरी आहे.