एका फोटोची वही

काहीही विचारलं की शेजारची काकी आधी पदराने तोंड पुसायची आणि मग म्हणायची, "मना काय माईत." चुलीवर काय ठेवलंय असं विचारलं तरी तेच. "मना काय माईत, वालाचं बिरडं हाय." विहिरीवर गर्दी आहे का? "मना काय माईत, धा-बारा बाया हायत." उत्तर ती द्यायचीच, पण आधी ते स्वतःपासून जरा लांब ठेवून द्यायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला सुरुवातीला तो बावळटपणा वाटला.

पालघरला माहीम रस्त्यावरच्या चाळीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. मी शाळेत शिकवायचे. शेजारच्या खोलीत सुमनचे वडील, सुमन आणि धाकटी बेबी. वडील भाताच्या गिरणीत कारकून होते. सुमनची आई माझी मैत्रीण होती. ती तापाने गेली, आठ दिवसांत. त्यानंतर त्या घरातून आवाजच येईनासे झाले. रडण्याचेही नाहीत. भांडं पडलं तर तेवढं ऐकू यायचं. सुमन माझ्याच वर्गात होती, चौथीत. ती रोज शाळेत यायची, गणितं सोडवायची, घरी जायची. मीही शिकवायचे, घरी यायचे. मला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. काही वाटलं असतं तर आठवलं असतं.

पाच महिन्यांनी सुमनच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी बायको माकुणसार गावची होती, वय तिशीला आलेलं, शिक्षण चौथीपर्यंत. एक पत्र्याची ट्रंक आणि एक पाटा-वरवंटा घेऊन ती आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला वाटीभर सांदणं पाठवली. मी ती खाल्ली आणि वाटी रिकामीच परत केली. आमच्याकडे असं कुणी करत नाही. मी केलं.

बेबी चार वर्षांची होती, ती आठवड्यात तिला काकी म्हणायला लागली. सुमन काहीच म्हणेना. वाढलेलं जेवायची, धुतलेलं घालायची. पण तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. काही हवं असेल तर बेबीला सांगायची, बेबी काकीला सांगायची. काकीचं उत्तरही बेबीच्याच तोंडून जायचं. तिघी एवढ्याशा एका खोलीत.

एका दुपारी काकी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तोपर्यंत आमचं बोलणं विहिरीपुरतंच होतं.

"बाई, पोरीच्या अंथरुनाखाली तिच्या आयसचा फोटो हाय. आज गोधड्या उन्हात टाकल्या तवा दिसला. मोडाया लागलाय. वल बी लागलीय."

"मग काढून नीट ठेव."

"मी हात लावला तर तिला कळंल. परत ठेवला तिथंच, व्हता तसा."

तो फोटो मला माहीत होता. जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्याकडे काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कारंजं, खुर्चीत सुमनची आई आणि मांडीवर वर्षाची सुमन. तिचा तेवढाच फोटो होता.

"वही करायची हाय," ती म्हणाली. "फोटोची. आमच्या गावात एकांच्या घरी मी पायलेय. काळी जाड पानं असतात. मंग ती पोरगी तिच्या हातानं फोटो ठेवील."

मी तिला स्टेशनजवळच्या दुकानातून काळा कागद आणून दिला. पुठ्ठा तिने साडीच्या जुन्या खोक्याचा काढला आणि त्यावर स्वतःचा एक परकर फाडून चढवला. निळा, बारीक फुलांचा. तांदळाच्या पिठाची खळ डब्यात शिजवून तिने पानं चिकटवली, वही पाट्याखाली दाबून ठेवली. दोन दिवसांनी पाटा उचलला तर वही वाकून वर आलेली.

"काय झालं गं?"

"मना काय माईत. पापड झाला."

तेव्हा मी हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असेन, कारण आवाज मलाच अनोळखी वाटला. दुसऱ्या खेपेला वही सरळ झाली, पण मुंग्या लागल्या. मग शाळेतल्या शिपायाने सांगितलं की खळीत मोरचूद टाकतात. तिने तोही टाकला. तिसरी वही टिकली. पानाआड पान तिने काळं आणि पांढरं लावलं होतं. काळं फोटोसाठी, पांढरं लिहायला. पहिल्या काळ्या पानावर फोटोच्या कोपऱ्यांसाठी ब्लेडने चार तिरप्या चिरा पाडल्या. फोटो अंथरुणाखालून न काढता त्याचं माप कसं घेतलं, ते तिने मला सांगितलं नाही. वही तिने सुमनच्या दप्तराशेजारी ठेवली.

सुमनने वही उघडून पाहिली आणि मिटली. फोटो अंथरुणाखालीच राहिला. एक महिना गेला.

मग काकी पुन्हा आली. हातात वही आणि टाक.

"बाई, ती कशी व्हती?"

माझी मैत्रीण गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक कशी गेली ते विचारायचे.

"लिवायचं हाय," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

मी सांगितलं. ती डावखुरी होती. बेडकांना फार भ्यायची. वाण्याकडून आलेली कागदाची पुडी सोडली की आधी तो कागद शेवटपर्यंत वाचायची, मग फेकायची. हसताना नाक धरायची. सांगता सांगता मला कळलं की मी एका सुरात, हजेरी घेतल्यासारखं बोलतेय. काकी मान हलवत राहिली.

दोन दिवसांनी तिने लिहिलेलं पान तपासायला आणलं. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. त्यात होतं, "सुमनची आई उंदराला भ्यायची. ती उजव्या हाताने भाकरी थापायची."

"अगं, बेडकाला. आणि उजव्या नाही, डाव्या."

"राहू द्या," ती म्हणाली.

"चूक आहे ना ते."

"राहू द्या, बाई."

मला वाटलं, खोडायचा कंटाळा. रागही आला. माझ्या मैत्रिणीचं तेवढंच काहीतरी राहणार आणि तेही चुकीचं. मी वही तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

ती वही काकीने त्यांच्या खिडकीत उघडीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर 'उंदराला' वर काट मारलेली आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'बेडकाला'. ते अक्षर मी वर्गात रोज तपासत होते. 'उजव्या'वरही काट. पुढच्या पानावर काकीने चार चुका केल्या. त्याही दुरुस्त झाल्या. त्याच्या पुढच्या पानावर सात.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी भिंतीपलीकडून सुमनचा आवाज आला.

"आईला ताक आवडायचं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मना काय माईत. मी व्हते का तिथं?"

"मग लिहिता कशाला?"

"तू सांग. मी लिवते."

मग पुरुषाचा आवाज आला. त्या घरात तो आवाज मी महिनोन् महिने ऐकला नव्हता. सुमनचे वडील म्हणाले, "तिला ताकाचा वासही चालायचा नाही. मी प्यायलो की लांब बसायची."

नंतर तिघं हळूहळू बोलत राहिली. मी भिंतीजवळ उभी होते. मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पायांना मुंग्या आल्या म्हणून मी खाली बसले, एवढं आठवतं.

पुढे एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत असताना मी तिला विचारलं, "मुद्दाम चुकत होतीस ना?"

तिने पदराने तोंड पुसलं. "सगळं बरोबर लिवलं असतं तर पोरगीनं वाचलं असतं नि ठेवून दिलं असतं."

फोटो वहीत कधी आला ते मला माहीत नाही. एक दिवस तो त्या चार चिरांत होता. मधोमध घडी पडलेली, खालचा कोपरा ओलीने गेलेला. सुमन तिला काकी म्हणायला लागली होती. प्रेमाने म्हणायची असं नाही. हाक मारायला काहीतरी लागतं, तसं. ती वर्गात वरच्या आवाजात वाचायला लागली. मी तिला शाबासकी दिली नाही, पण तिच्या वाचनाची वाट पाहायचे.

वर्षभराने काकी बाळंतपणाला माकुणसारला गेली आणि तीन आठवड्यांनी एकटीच परत आली. मुलगी झाली होती. एक दिवस जगली. इथून कुणी पोचायच्या आत सगळं आटपलं होतं. ती आली त्या दिवशी तिने चूल सारवली, पाणी भरलं. मी जाऊन बसले. म्हणाले, "वहीत तिच्यासाठी एक पान ठेव."

"तिला कोनी पायलं नाय," ती म्हणाली. "काय लिवायचं?"

सुमन शाळेतून आलेली होती. दप्तर खांद्यावर तसंच, दारात उभी. तिने ते ऐकलं. तिने विचारलं, "केस होते का तिला?"

काकीने तिच्याकडे पाहिलं. "व्हते."

"किती?"

"पुष्कळ. काळे."

"नखं?"

"लांब व्हती. मना वरखडा काढलान्, इथं." तिने गळ्याखाली बोट ठेवलं. तिथे आता काही दिसत नव्हतं.

सुमनने वही घेतली, दारातच बसली आणि लिहिलं. चार ओळी झाल्या. त्या पानावर एकही खाडाखोड नाही. काकीने ते वाचलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि तांदूळ धुवायला घेतले. मी उठून माझ्या खोलीत आले. तिघींपैकी कुणी रडलं नाही.

त्या सुमाराला तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनवर सिमेंट आणि लोखंड उतरायचं, हिंदी बोलणारे कामगार यायचे. सुमनच्या वडिलांना तिथल्या एका ठेकेदाराकडे नोकरी मिळाली आणि त्यांनी कुंभवलीला खोली घेतली. काही फार लांब नव्हतं. मी येईन, असं मी म्हणाले. काकीही येईन म्हणाली.

सामान न्यायला ट्रक आला होता. खाटा, ट्रंका, कोठी, पाटा-वरवंटा. वडील पुढे ड्रायव्हरजवळ बसले, बेबी त्यांच्या मांडीवर. सुमन मागे सामानावर आधीच चढली होती. काकी खाली उभी राहून चढायला जागा शोधत होती. सुमन वाकली, तिने हात खाली केला.

"काकी, पाय इथे ठेवा. त्या लोखंडावर."

काकीने तिथे पाय ठेवला आणि तिचा हात धरला. वर गेल्यावर दोघी बिछान्याच्या वळकटीला टेकून बसल्या. ट्रक सुरू झाला. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून तो तिथे बराच वेळ थांबला. मला तो चाळीच्या ओट्यावरून दिसत होता. काकी इकडे पाहत नव्हती. उन्हासाठी तिने पदर स्वतःच्या आणि सुमनच्या डोक्यावर ओढून घेतला होता. मग फाटक उघडलं.

मी कुंभवलीला गेले नाही. काकी एकदा पालघरला आली होती म्हणे, मी शाळेत होते. पुढे कुणीतरी सांगितलं की ती गेली. कशाने, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत नवं जोडपं आलं. त्यांनी भिंतीला चुना लावला, कडेने पिवळी पट्टी मारली. माणसं चांगली होती. पलीकडून त्यांचा आवाज यायचा. मी कधी कान देऊन ऐकला नाही.