मागचा लाल दिवा

घराजवळच्या चढावर माझी जुनी स्कूटर दोघांना ओढत नसे. बायको उतरायची आणि माझ्या आधी चालत वर पोहोचायची. शेवटी तिने बजावलं, "या रविवारी चढली नाही, तर सोमवारी भंगारात."

नवं इंजिन परवडणारं नव्हतं. मग मीच स्वस्तात ताकद वाढवायला बसलो. कार्बोरेटरला जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट बसवला, सायलेन्सर आतून मोकळा केला. आवाज एवढा वाढला की शेजारी गॅलरीत येऊन उभे राहिले. वेग मात्र होता तेवढाच.

रविवारी अर्ध्या चढावर स्कूटर पुन्हा रडकुंडीला आली. बायको उतरली, पण चपलेचा पट्टा नीट करायला मागेच थांबली.

"अहो, तुमचा मागचा लाल दिवा का पेटलाय?"

"कुठला?"

"ब्रेकचा! चढावर ब्रेक कशाला दाबताय?"

खाली पाहिलं. माझा उजवा पाय ब्रेकवर निवांत विसावला होता. स्कूटर शिकताना पडायच्या भीतीने ठेवला असणार. उचलायचा राहूनच गेला. जोर कमी पडतो म्हणून आपण काय काय खोलून बसतो, आणि आपण कुठे दाबून धरलंय हे दिसतं ते मागून येणाऱ्याला!

पाय उचलला. ती मागे बसली. स्कूटर दोघांना घेऊन सरळ वर. माझा जीव भांड्यात पडला.

"स्कूटर राहू दे," ती कानाशी ओरडली. "भंगारवाला नुसता चालवणारा घेतो का, तेवढं विचारते."