या नावाची बाई गावात नाही

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. खून आणि दरोड्याच्या तपासांच्या तारखा आता मागंपुढं होतात, पण चारित्र्य पडताळणीची ती एक साधी फाईल पानासकट आठवते. खरी नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या मुलीला मी अश्विनी म्हणतो. ते तिचं नाव नाही.

मी तेव्हा जिंतूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. पदवीचं प्रमाणपत्र काचेत घालून केबिनमध्ये, माझ्या खुर्चीच्या मागं टांगलेलं होतं. येणाऱ्याला दिसावं म्हणूनच टांगलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

अश्विनी माहेरची बोरीची. तिच्याही घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. बससेवेत प्रवाशांच्या मदतीसाठी, बसस्थानकाच्या खिडकीवर बसणाऱ्या सहायकांची भरती निघाली होती. लेखी परीक्षा, टायपिंग, मुलाखत, डॉक्टरी तपासणी, सगळं ती पार करून आली होती. उरली होती फक्त आमची पडताळणी. ठाण्याचा अहवाल ठरल्या मुदतीत पोचला की नेमणूक, नाही पोचला तर प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार. हाती बारा दिवस होते.

अशा पडताळण्या आमचा गोपनीय शाखेचा हवालदार करायचा. जुना, सरळ माणूस. त्यानं फाईल हातात घेतली त्याच दिवशी टपालानं निनावी अर्ज आला. आवक टपालाच्या बारनिशीत त्याची नोंद झाली आणि तो माझ्या टेबलावर आला. अर्जात लिहिलं होतं, ‘या नावाची बाई आमच्या गावात राहत नाही. परीक्षेला दुसरीच बसली होती. गावात येऊन विचारा.’

परीक्षेला दुसऱ्यालाच बसवायचे प्रकार आम्ही पाहिलेले होते. हवालदाराला लगेच तिच्या सासरच्या गावी पाठवलं. संध्याकाळी तो परत आला.

“साहेब, पत्त्यावरच्या घराला कुलूप होतं. सगळे कापूस वेचायला गेलेले. दुकानात विचारलं, पोलीस पाटलाला विचारलं, चार बायांना विचारलं. अश्विनी नावाची कुणी न्हाई म्हणाले. ते आडनावच गावात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तिला ठाण्यात बोलावलं. निळा ड्रेस, गळ्यात मंगळसूत्र, छातीशी धरलेली फाईल. तिला बाहेरच्या बाकड्यावर तीन तास बसवून ठेवलं. काही काम नव्हतं मला. ताटकळलेला माणूस चुकतो, हे आमचं जुनं तंत्र. दुसरं तंत्र असं, की आपल्या हाती काय आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही.

परीक्षेचं केंद्र, बाकाचा नंबर, शेजारी कोण बसलं होतं, सगळं विचारलं. तिनं न अडखळता सांगितलं. मला वाटलं, पाठ करून आलीय.

“मुलाखतीत काय विचारलं?”

“एक साहेब प्रवासी झाले आन् मला खिडकीवर बसवलं,” ती म्हणाली. “ते वरडायलेत माझ्यावर, ‘येलदरीची गाडी कुठंय? दोन तास झाले बसलोय, तुमी झोपा काढायलात का?’”

“मग?”

“मी म्हणलं, ‘काका, गाडी अजून डेपोतनंच निघाली न्हाई. पाऊण तास लागंल. तवर पंख्याखाली बसा, आली की मी आवाज देते.’ ते म्हणले, ‘गाडी निघालीच न्हाई हे कशाला सांगितलं? येतीच आहे म्हणायचं.’ मी म्हणलं, ‘साहेब, खरं सांगितलं तर माणूस पाऊण तास गप बसतंय. येतीच आहे म्हणलं तर दर पाच मिनिटाला उठून येतंय.’”

हवालदाराला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी आवरलं.

“सासरच्या गावात किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“गावात ओळखतात तुला?”

“सगळे ओळखतात की. बायांच्या गटाचे कागद मीच लिहिते.”

मी हवालदाराकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं. खोटं सापडलं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. त्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा होता, ‘मग गावात तुझं नाव कुणाला माहीत कसं नाही?’ मी तो विचारला नाही. जबाबावर तिची सही घेतली आणि परीक्षा केंद्रावर घेतलेला अंगठा आणि फोटो मागवायला पत्र पाठवलं.

त्यानंतर ती दोनदा ठाण्यात आली.

“साहेब, कशात अडकलंय तेवढं सांगा. काय कागद कमी असंल तर मी आणून देते.”

“तपास चालू आहे.”

“किती दिवस लागतील?”

“होईल.”

दुसऱ्यांदा आली तेव्हा मुदतीला चार दिवस उरले होते. मागच्या भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र वाचत ती थोडा वेळ उभी राहिली. “तुमी बी आमच्यासारखेच दिसता साहेब,” म्हणाली आणि गेली. माझ्या मनात आलं, आमच्यासारखेच कसे? मी स्वतः अभ्यास करून पास झालोय. आज ते आठवलं की लाज वाटते.

पत्राचं उत्तर काही आलं नाही. मुदतीचा दिवस गेला. त्यानंतरचा रविवार होता. मी क्वार्टरच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. फाटकापाशी कुणीतरी एका बाईचं नाव घेतलं, पुढं वडिलांचं नाव, आडनाव. “इथंच राहतात का? पत्रिका द्यायचीय.”

मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, “इथं या नावाचं कुणी नाही.”

आतून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “अहो, कुणी नाही काय? माझंच नाव हाय ते! शाळेतल्या मैत्रिणीनं पाठवली असंल.” पत्रिका घेऊन तिनं त्या माणसाला पाणी दिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव तुमीच लिहिलं होतं. जुनं पुसून टाका असं कुणी सांगितलं होतं?”

ती हसत होती. माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.

लग्नात सुनेचं नाव बदलणं आमच्याकडं घरोघरचं. कागदावर माहेरचं नाव, गावाच्या तोंडी सासरचं. आयुष्य याच जिल्ह्यात गेलेलं असून मला ते सुचलं नाही, हवालदारालाही नाही; कुलूप लागलेल्या घराची सून कोण, एवढंही त्यानं विचारलं नव्हतं.

रविवारीच गाडी काढून गावी गेलो. पोलीस पाटलाला म्हणालो, “बोरीची सून आहे का कुणी तुमच्यात? शिकलेली?”

“मंग असं इचारा की साहेब! आमची राधिका. लय गुणाची पोर. तिला नोकरी लागायलीय म्हणं. तुमचा हवालदार कोण्या अश्विनीला हुडकत आला होता, आमाला काय ठावं!”

निनावी अर्ज त्याला दाखवला. अक्षर त्यानं लगेच ओळखलं. ग्रामपंचायतीचे अर्ज लिहून देणारा एकच माणूस होता, तिचा चुलत दीर. त्यानंही हीच परीक्षा दिली होती, नापास झाला होता. ठाण्यात आणल्यावर पाच मिनिटांत कबूल झाला. “तांदळाचं ताट मीच धरलं होतं साहेब. गावात तिचं जुनं नाव कुणाला म्हाईत न्हाई, मला म्हाईत होतं.” त्याला गावाची पुरती ओळख होती, आणि आम्ही कसा तपास करतो त्याचीही.

सोमवारी सकाळी मी स्वतः अहवाल घेऊन बससेवेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला गेली, तो हजरही झाला. नियम त्यांचाही होता. विनंतीची दोन पत्रं लिहिली. उपयोग झाला नाही.

कागद परत न्यायला ती आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणालो. बसा म्हणालो. दिराविरुद्ध तक्रार देता का, विचारलं.

“त्याच अंगणात राहायचंय साहेब,” ती म्हणाली. कागद मोजून तिनं फाईलमध्ये घातले. दारापर्यंत गेली आणि थांबली. “गावात नाव सापडंना, येवढंच सांगायचं होतं ना मला? मी तीन येळेस इथं येऊन बसले होते.”

मी खुर्चीतून उठेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेली होती.

पुढं निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यातून गेलेल्या प्रत्येक विवाहितेच्या पडताळणीत मी एक ओळ हातानं लिहायला लावली, ‘गावात कोणत्या नावानं ओळखतात.’ हवालदारांना सांगायचो, संशय घ्या, पण ज्याच्यावर घेताय त्याला विचारा तरी. तपासात हातातले पत्ते झाकून ठेवणं चोरापुढं ठीक आहे. ती चोर नव्हती. तिच्या हातात बारा दिवस होते आणि त्यातला एक एक दिवस मी गप्प बसून संपवला.

मध्यंतरी एका बसस्थानकावर गाडीची वाट पाहत होतो. खिडकीवर एकटाच माणूस, समोर ही गर्दी. विचारलं तर म्हणाला, “येतीच आहे काका.” त्याचाही दोष नाही. मी दर पाच मिनिटांनी उठून विचारत राहिलो.