अण्णाची काळी रायफल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अव्वाला, म्हणजे आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते आणि घाईनं बाहेर पडते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून थोडा धीर होतोय. तरी बघा, घरात कुणी नसताना मी दार लावून बसलेय.

गोष्ट एका बंदुकीची आहे. खरी नव्हे — मोबाईलवरच्या खेळातली. आता तुम्ही हसाल. एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ? मीही स्वतःला हेच समजावून पाहिलं. मग अजून हे कुणाला सांगता येत नाही ते का?

आम्ही सोलापूरचे. अप्पांचं भुसार मालाचं दुकान, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. माझा मोठा भाऊ संगमेश. त्याला मी अण्णा म्हणते. त्याचा जिवलग दोस्त श्रीनू मागच्या गल्लीत राहायचा. त्यांच्या घरी टॉवेलचे माग होते, बोली तेलुगू, पण आमच्याकडे आला की अव्वाशी मोडक्यातोडक्या कानडीत बोलून हक्कानं भाकरी मागून घ्यायचा. दोघं एकाच टोळीतून तो गोळीबाराचा खेळ खेळायचे.

त्या खेळात चांगली बंदूक आयती मिळत नाही, घडवावी लागते. सामना जिंकला की एक पेटी उघडते. तिच्यातून कधी नळी, कधी दस्ता, कधी दुर्बीण, आणि बहुतेक वेळा कामाचं काहीच नाही. असे भाग जोडत जोडत लेव्हल वाढवायची. शेवटच्या लेव्हलला 'गाभा' लागतो आणि तो सहसा निघतच नाही. अण्णाची काळी रायफल दोघांनी मिळून घडवली होती. श्रीनू स्वतःला मिळालेले भागसुद्धा अण्णाला देऊन टाकायचा, कारण नेम अण्णाचा चांगला. गाभा निघाला त्या दिवशी दोघं गल्लीत एकमेकांना उचलून नाचले होते. अप्पांनी दुकानातून दम भरला, तेव्हा कुठं थांबले.

मग अण्णाला उजनीच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली. गळीत हंगाम सुरू झाला की तिथून हलता येत नाही, आणि त्याच्या खोलीवर रेंजही नव्हती. खेळाचा नियम असा, की आयडी रोज उघडली नाही तर बंदुकीला गंज चढतो, लेव्हल उतरते. म्हणून अण्णा खेळाचा जुना मोबाईल माझ्या स्वाधीन करून गेला. रोज उघडायचं, बंद करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही — तुळशीला पाणी घालावं तसं काम. पासवर्ड तिघांनाच ठाऊक: त्याला, श्रीनूला आणि मला. हिला त्यातलं काय कळतंय, असं जाताना हसत म्हणाला.

मला कळत होतं. सगळं कळत होतं — कारण श्रीनूनंच शिकवलं होतं. तो दुपारी यायचा, अण्णाच्या आयडीवरून एखादा सामना खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायची. एकदा त्यानं विचारलं, खेळून बघतीस काय? मग माझ्या मोबाईलवर मला टोपणनावानं वेगळी आयडी काढून दिली आणि त्यांच्याच टोळीत घेतलं. मी चांगली खेळायची. अण्णापेक्षाही चांगली, असं श्रीनू म्हणायचा, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. फक्त घरी कळू द्यायचं नाही, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. माझी मावसबहीण अशाच खेळात कुणा पोराशी बोलताना सापडली, तर तिचा मोबाईल गेला, कॉलेज गेलं, आणि पाहता पाहता लग्न उरकलं. मला त्याचीच धास्ती होती. श्रीनूनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती.

माझीही रायफल तयार होत आली होती. फक्त गाभा अडला होता. तो मिळवायचा एक दुसराही मार्ग असतो — पूर्ण झालेली एक बंदूक मोडायची, जुना दागिना मोडून नवा करतात तशी, आणि तिच्यातला गाभा टोळीतल्या कुणालाही देता येतो. मी कुठं चाललेय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुपार होती. अव्वा आत शेंगाचटणी कुटत होती. माझ्यासमोर दोन्ही मोबाईल. खेळानं विचारलं — मोडायची का? परत मिळणार नाही. बोट चुकून लागलं, असं लिहायला किती सोपं आहे! पण तसं झालं नाही. मी नीट वाचलं, अण्णा येईपर्यंत दुसरा गाभा मिळवू असा हिशेब केला, आणि बटण दाबलं. माझी बंदूक झळाळली. मला आनंद झाला — हेही सांगायला हवं — अगदी उड्या माराव्यात असा आनंद. मग आतलं कुटणं थांबलं, अव्वानं मला हाक मारली, आणि मी दोन्ही मोबाईल ओढणीखाली लपवले.

दुसरा गाभा काही मिळाला नाही. त्या दिवसांत श्रीनू आला, की अण्णाच्या मोबाईलला चार्जिंग नाही म्हणून मी त्याला परत पाठवायची. हंगाम संपत आला तशी मला भूक लागेना. कारखाना बंद व्हावा पण अण्णा येऊ नये, असलं काहीतरी मी मनात घोकत होते.

तो आला. श्रीनूही भेटायला आला. शहरातल्या एका स्पर्धेत दोघं उतरणार होते, त्याचीच बोलणी चालली होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णानं मोबाईल उघडला होता. त्यानं श्रीनूकडे पाहिलं, आणि मोडली कशाला, असं विचारलं. श्रीनूला आधी कळलंच नाही. स्क्रीन पाहिल्यावर कळलं — आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागानं नाही. तो वाट बघत होता.

अण्णानं मला विचारलं, "तुला म्हाईत हाय का गं, कुणी हात लावला?"

मी अण्णापुढं कपबशी ठेवली. मी म्हणाले, "श्रीनूअण्णा दुपारचा येऊन मोबाईल मागून घ्यायचा की."

बघा, यातला शब्दही खोटा नाही. तो यायचा. मोबाईल मागायचा. इतकं खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं, हे मला त्या क्षणी कुणी शिकवलं?

श्रीनू सांगू शकला असता. एका वाक्याचं काम होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "असू दे संगमेश. तुला वाटतंय तसं समज." आणि उठून गेला.

अण्णा तेवढ्यावर थांबला नाही. संध्याकाळी श्रीनूच्या घरी गेला, त्याच्या वडिलांसमोर त्याला चोर म्हणाला. ते ऐकायला म्हाताऱ्यानं माग बंद केले होते. हे अण्णानंच जेवताना आम्हाला सांगितलं, आणि मी मान खाली घालून जेवत राहिले.

त्यानंतर कित्येक महिने दाराची कडी वाजली की मला वाटायचं, आला, आता सांगणार. मी खेळ काढून टाकला. मागच्या गल्लीत जायचं सोडलं. एकदा एसटी स्टँडवर तो दिसला, तर मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून खांबाआड उभी राहिले. आधी तो सांगेल याची भीती होती. पुढं ती पालटली. हा कधीच सांगणार नाही, म्हणजे सांगायचं ते मलाच उरलं, याची भीती वाटू लागली. तीच जास्त वाईट आहे.

आता तुम्ही म्हणाल, लहान होतीस, भ्यायलीस. थांबा. अजून एक राहिलंय.

अण्णाचं लग्न ठरलंय. गेल्या रविवारी बस्ता बांधून परत येत होतो, तो गाडी चालवत होता, मी मागे पिशव्या धरून. सिग्नलला थांबल्यावर, मान न वळवता, त्यानं विचारलं, "श्रीनूला बोलवावं काय गं? कधी कधी वाटतंय, माझंच लई चुकलं." आता मी लहान नाही. नोकरी करते, माझा मोबाईल आता कुणी काढून घेणार नाही. त्याला माझा चेहराही दिसत नव्हता.

मी म्हणाले, "न्हाय अण्णा. तुझं काय चुकलं न्हाय. कशाला बोलावतोस."

तो "व्हय" म्हणाला. सिग्नल सुटला, गाडी पुढं गेली, आणि मला हायसं वाटलं.