ती परत गेली नव्हती

"ताट हिच्या हातात कुणी दिलं?"

मी ज्यांच्या प्रकाशनात टायपिंग करायचे त्या सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हे हळू विचारलं नाही. औरंगपुऱ्यातलं ते सभागृह अर्धं भरलं होतं. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. माझ्या हातात पितळी ताट होतं. ताटात जरीच्या कागदात बांधलेली तीन पुस्तकं, वर लाल फीत, कडेला झेंडूची फुलं. दोन मिनिटांत ते मला मंचावर न्यायचं होतं. पाहुणे फीत सोडणार आणि सरांच्या कादंबरीचं प्रकाशन होणार.

"सरांनीच सांगितलं, काकू."

"त्यांना काय कळतंय! शुभ काम आहे. नांदती बाई बघा एखादी."

ताट माझ्या हातातून गेलं. कुणी ओढलं नाही. लहान लेकराच्या हातातून काचेचं भांडं काढून घेतात तसं काढून घेतलं. एका प्राध्यापकाच्या बायकोकडं दिलं. तिनं पदर पुढं घेतला, माझ्याकडं बघायचं टाळलं आणि मंचाच्या पायऱ्या चढली.

त्या जरीच्या कागदात बांधलेली कादंबरी नवऱ्यानं टाकलेल्या बाईची होती. तीनशे पानं तिचंच दुःख. ती पानं मी टाइप केली होती. आणि ते दुःख माझं होतं.

मला मागं, पुस्तकविक्रीच्या टेबलावर पाठवलं. तिथं आमचे बाइंडर सलीमभाई बसले होते. ते मला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"क्या बाजी, किताब तुम बनाए, अन् थाली तुमकोच नै?"

"जाऊ द्या भाई."

"जाने दो, जाने दो बोलकेच तो ये लोगां इत्ते मोटे हुए," ते म्हणाले आणि पुस्तकांची चळत सरळ करायला लागले.

पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "ही नायिका म्हणजे मराठवाड्यातल्या प्रत्येक टाकलेल्या बाईचा हुंकार आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काकूंनी ताट घेतलं ते आता जुनं झालं. त्या टाळ्यांची लाज मात्र अजून ताजी आहे.

मी करमाडजवळच्या गावची. माय अंगणवाडीत मदतनीस, आप्पा गवंड्याच्या हाताखाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी पाहिलेली नव्हती. शाळेत मराठीच्या बाई होत्या. ग्रंथालयाचं एकच लोखंडी कपाट, त्याची किल्ली त्यांच्याकडं. मधल्या सुट्टीत त्या मला कपाट उघडून द्यायच्या. आज मी जी काही आहे ती त्या किल्लीमुळं. हे मी कुठंही, कुणापुढंही सांगते.

त्या कपाटात मला पहिल्यांदा अशी बाई भेटली जी नाही म्हणते. आमच्या गल्लीत तशी एकही नव्हती. गल्लीतल्या बाया मार खाऊन दुसऱ्या दिवशी त्याच हातानं भाकरी थापायच्या आणि वर म्हणायच्या, "बाईच्या जातीला काय असतं?" पुस्तकातली बाई भांडी तशीच ठेवून उठली आणि गेली. ती खरी नव्हती. कुणाच्या तरी मनातली होती. पण मी आठवीत असताना तिनं मला दाखवलं की उठता येतं. मायनं मला जन्म दिला, बाईंनी किल्ली दिली, आणि हे एक त्या नसलेल्या बाईनं दिलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझं लग्न लावलं. पहिल्या दिवाळीला नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं. भाऊबीज झाली. न्यायला कुणी आलं नाही. आमच्याकडं बाईला असंच टाकतात. हाकलत नाहीत, मारून काढत नाहीत. दिवाळीला पोचवतात आणि न्यायला येत नाहीत. मग कुणी विचारलं तर, "पाठवलीय माहेरी." सोपं.

चार महिने माझी पिशवी दाराशी भरलेली होती. माय रोज तिच्यावरची धूळ झटकायची. पाचव्या महिन्यात मी पिशवीतल्या साड्या काढल्या, त्यात पुस्तकं भरली आणि कॉलेजला गेले. पदवी घेतली.

दोन वर्षांनी नवरा पाच माणसं घेऊन आला. ओसरीत बैठक बसली. सासरा म्हणाला, "झालं गेलं इसरा. पोरीला लावून द्या." आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "मी येणार नाय." कुणीतरी हसलं. मी परत म्हणाले. तो शब्द माझा नव्हता. कपाटातल्या बाईचा होता. पण तोंड माझं होतं. नवऱ्यासकट सगळे चहा न घेता गेले.

पुढं मी टायपिंग शिकले आणि शहरात सरांच्या प्रकाशनात लागले. सर निवृत्त प्राध्यापक. मोठे लेखक. मला म्हणायचे, "तू लेकीसारखी." मला त्याचं लई अप्रूप होतं. एवढा शिकलेला माणूस दुपारच्या चहाला आपल्याला समोर बसवतो. विचारतो, "तुझी सासू नेमकं काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग." मी सांगायचे. सर वहीत लिहून घ्यायचे. मला वाटायचं, कुणीतरी ऐकतंय.

वर्षभरानं त्या वहीची कादंबरी झाली आणि टाइप करायला माझ्याकडंच आली. भरलेली पिशवी होती. मायचं धूळ झटकणं होतं. ओसरी, पाच माणसं, सगळं होतं. शेवटचं पान आलं. नवरा म्हणतो, चल. नायिकेच्या डोळ्यांत पाणी. तिनं पदर सावरला आणि ती त्याच्या मागून चालू लागली. समाप्त.

मी उठून सरांच्या खोलीत गेले.

"सर, मी नाय गेले."

सर हसले. "तू नाही गेलीस. ती जाते. तू बाई आहेस, ती पात्र आहे."

"पण का जाते?"

"अगं, वाचकाला पटायला पाहिजे. बाई इतकी कडक नसते. कादंबरीला करुणा लागते."

मी परत जाऊन बसले. फाइल माझ्याच संगणकात होती. शेवटची चार वाक्यं बदलणं म्हणजे मिनिटाचं काम. बोटं कीबोर्डवर ठेवली. मग काढून घेतली. चोरून का बदलू? चोरी त्यांनी केली होती. मी ते पान जसंच्या तसं टाइप केलं. स्वतःला स्वतःच्या हातानं सासरी पोचवलं.

हे सगळं त्या विक्रीच्या टेबलामागं उभी असताना माझ्या डोक्यात फिरत होतं. आमच्या प्रकाशनाची पुस्तकं शाळांना जायची, गठ्ठे मीच बांधायचे. म्हणजे हेही जाणार. कुठल्यातरी शाळेत आठवीतली एक पोरगी हे वाचणार. तिला वाटणार, बाई शेवटी जाते. मला एका पुस्तकानं उठायला शिकवलं होतं. हे पुस्तक तिला बसायला शिकवणार. आणि ते माझ्या जिभेनं शिकवणार.

सूत्रसंचालक म्हणाला, "लेखकाला कुणाला काही विचारायचं असेल तर?"

मी हात वर केला. माइक आला नाही. मी तशीच बोलले.

"सर, ह्या कादंबरीतली भरलेली पिशवी माझी हाय. बैठक माझ्या बापाच्या ओसरीत बसली होती. मी सगळ्यांसमोर नाही म्हणले होते. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला परत का पाठवलं?"

काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "खाली बस गं, तमाशा करू नको." बसायला खुर्ची नव्हती.

सरांनी चष्मा पुसला. मग प्रेमळ आवाजात म्हणाले, "बघा, ही लेखनाची ताकद. सामान्य वाचक स्वतःलाच नायिका समजू लागतो." सगळे हसले. टाळ्या झाल्या.

ह्या वेळी मी वाजवल्या नाहीत. प्रकाशनाच्या कपाटाच्या आणि टेबलाच्या किल्ल्या सलीमभाईंच्या हातात दिल्या. ते म्हणाले, "जाव बाजी. पीछे मत देखो." मी पायऱ्या उतरले आणि करमाडची बस धरली. परत त्या प्रकाशनात पाय ठेवला नाही.

आता मी एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करते. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा माझं लिहिते. पहिली कथा लिहिली. त्यात एक मोठा लेखक आहे. तो बायांना चहा पाजतो आणि त्यांचं तोंड उघडलं की वही काढतो. त्याची बायको आहे. ती टाकलेल्या बाईवरचं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवते आणि टाकलेल्या बाईला उंबऱ्यावर. कुणाचंही नाव नाही. गाव नाही. एका छोट्या मासिकानं ती छापली.

आठ दिवसांत सरांचा फोन आला.

"हे काय लिहिलंस तू माझ्यावर?"

"तुमचं नाव कुठंय सर त्यात?"

"लोक ओळखतात मला! कॉलेजातली पोरं तोंडावर विचारतात."

"मग लोकांनी बरोबर ओळखलं."

सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघ. दुसरी आवृत्ती निघतेय. शेवट बदलतो. नायिका जाणार नाही. तुझे आभारही छापतो. फक्त त्या मासिकाला दोन ओळी दे, की कथेचा कुणाशी संबंध नाही आणि गैरसमजाबद्दल दिलगीर आहे."

मी डळमळले, हे कबूल करते. ती आठवीतली पोरगी माझ्या डोळ्यांपुढं आली. पण माफी मागून मिळालेलं 'नाही' तिला काय कामाचं? ते उद्या तिसऱ्या आवृत्तीत परत काढून घेतील.

"नाय देत," मी म्हणाले.

"माज आलाय तुला. शेवटी आम्हीच तुला माणसांत आणलं."

"व्हय सर. म्हणून तर माणसं जवळून बघायला मिळाली."

मी फोन ठेवला आणि वही उघडली.

मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही, कुणाच्या दारात जाऊन शिव्या देणार नाही. पण कागदावर सोडणार नाही. दुसरी कथा काकूंची चालू आहे. तिसरी सासऱ्याची. मग ओसरीतल्या बाकीच्या चौघांची, एकेकाची, त्यांच्याच शब्दांत. नवरा सगळ्यात शेवटी. त्याची घाई नाही. माझ्या कथांत बाया परत जाणार नाहीत. आणि वाचकाला पटावं म्हणून मी कुणालाही माफ करणार नाही.