कानाकडे बघणारे दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगाचटणी कुटत होते. फोन ठेवला, उरलेली चटणी कुटली, डब्यात भरली, झाकण लावलं आणि मग रिक्षा बोलावली. महिना उलटून गेला. अजून रडू आलेलं नाही... लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, मल्लिनाथ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर त्यांचा जन्म गेला. साठी ओलांडल्यावर एक दिवस त्यांना टॉवेलच्या चौकड्यांतली उभी रेघ मधेच वाकलेली दिसली. त्यांनी माग बंद केला, खोलला, पुन्हा जुळवला. रेघ वाकडीच. शेजारच्या मागावरही वाकडी, तेव्हा सुताला शिव्या घातल्या. डोळ्याचा संशय काही आला नाही. अक्काने विषय काढला तर म्हणे, "मोतीबिंदू आसंल. पिकू दे, मग काढू की." पिकायची वाट बघण्यात महिने गेले आणि तो मोतीबिंदू नव्हताच. वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत होता. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याने सांभाळून घेतल्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर इंजेक्शनं देऊन दुसऱ्याची नजर बरीच टिकवता आली असती. आता गेलेलं परत येणार नाही.

मधलं गेलं, कडेचं राहिलं. समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून दाजी त्याच्या कानाकडे बघायचे. झालं, पाहुण्यारावळ्यांत कुजबुज सुरू... मल्लिनाथला आता माणसं नकोशी झाली, बोलताना तोंडाकडे बघत नाही. हे त्यांना फार लागलं. मी आपली चिडवायचे, "दाजी, माझी कुडी आवडली वाटतं?"

"कुडी न्हाय गं, तू दिसावीस म्हणून बगतोय," म्हणायचे आणि हसायचे.

मग ते मंद्रूपच्या बाजाराला जायला लागले. ओळखीच्या चहाच्या गाड्यापाशी बसायचं आणि येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे बारीक चौकड्यांचा टॉवेल धरायचा. "चष्मा आसंल तर लाव. एक डोळा झाक. रेगा सरळ हायत का? आता दुसरा झाक." कुणाला वाकड्या दिसल्या की म्हणायचे, "टावेलाला दोष दिऊ नगंस. आजच डॉक्टरकडं जा." सरळ दिसल्या त्यालाही सोडायचे नाहीत, दरसाल डोळे दाखवायला बजावायचे. एक भाजीवाली अशीच वेळेत गेली. ती आजही स्वतः तराजू बघून भाजी देते.

शेवटची भेट त्याच बाजारातली. टॉवेल हातात धरून बसले होते, मी मोबाइलवर फोटो काढला. तोच भिंतीवर लावायचा ठरला तेव्हा पाहुणे कुरकुरले. नजर समोर असलेला जुना एखादा लावा, ह्यात ते भलतीकडेच बघतायत, म्हणाले.

"फोटो कुणी काडला?" अक्काने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मग? हिलाच बगत हुते की."

आता तो फोटो भिंतीवर आहे, खाली तो टॉवेल. येणाऱ्याजाणाऱ्याला अक्का एकेक डोळा झाकायला लावते. मी तिच्याकडे गेले की फोटोसमोर बसते. दाजी माझ्या कानाशेजारी कुठंतरी बघत असतात. चहा येतो, निवतो. मी जागची हलत नाही. हलले तर मी दिसणार नाही त्यांना.