मॅडम आणि ट्यूबचा तुकडा

हातातला पार्ट दोन बोटांत धरून, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत मॅडम म्हणायच्या, "न्हाई चालायचं." मग तो पार्ट लाल ट्रेमध्ये ठेवायच्या. ठेवायच्या, टाकायच्या नाहीत. आपटाआपट त्यांना आवडत नसे. "पार्टाची काय चूक? बनवनाऱ्यानं लक्ष दिलं न्हाई," असं वर म्हणायच्या.

नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होतो आणि त्या इन्स्पेक्शनला. बाहेर टेम्पो उभा, ड्रायव्हर कावलेला, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, आणि आत या बाई शांतपणे गेज लावून बघताहेत. मनातल्या मनात मी त्यांना किती शिव्या दिल्या असतील याची गणती नाही. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेलच, ज्याच्यापुढे साहेबाचंही काही चालत नाही. एकदा साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो मॅडम, केसभर फरक आहे." त्यावर या म्हणाल्या, "जेवताना केस सापडला तर ताट सरकवता का न्हाई?" साहेब गेले. टेम्पो रिकामा परत गेला. मी घरी जाऊन बायकोवर चिडलो.

मॅडम मूळच्या शेवगावच्या. उभा जन्म नगरात गेला तरी बोली सुटली नाही, आणि ती सोडावी असं त्यांना कधी वाटलंही नाही. नवरा लवकर गेला. मुलाला एकटीनं शिकवलं, तो पुण्यात मोठ्या नोकरीला लागला, आणि स्वतःच्या पगारातून त्यांनी आमच्याच कॉलनीत टुमदार घर बांधलं. एवढं सगळं त्या एका वाक्यात आटपायच्या आणि दारातल्या कढीपत्त्याबद्दल मात्र अर्धा तास बोलायच्या. कारखान्याच्या गेटातून स्वतः गाडी चालवत आत येणाऱ्या त्या पहिल्या बाई. वॉचमन आधी मागच्या सीटवर साहेब शोधायचा.

रिटायर झाल्यावर गाडीचं मुख्य काम एकच उरलं. दर रविवारी सकाळी शेवगावला जायचं. तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. दृष्टी जवळपास गेलेली. शेजारीण दोन वेळचं जेवण द्यायची, पण डोक्यावरून न्हाऊ घालणं, नखं कापणं आणि आठवडाभराची गाऱ्हाणी ऐकून घेणं हे मॅडमचं काम. अक्कांना नगरला आणून पाहिलं होतं. "तुज्या घरात मला भिंती सापडत न्हाईत," असं म्हणून त्या आठवड्याच्या आत परत गेल्या. तिकडचं घर त्यांना हातानं पाठ होतं. त्यामुळे जायचं ते मॅडमनीच, आणि जायचं ते गाडीनंच, कारण त्यांचे गुडघे असे की एसटीची पायरी चढताना डोळ्यांत पाणी यायचं.

मागच्या दिवाळीत मुलानं जुनी गाडी काढून टाकली आणि नवी आणली. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. एअरबॅगा, मागं कॅमेरा, पुढं पडदा, पडद्यावर गाणी. मॅडमनी पहिली चक्कर मारली आणि माझ्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "भाऊ, ही गाडी इचार करती."

"म्हणजे?"

"रेस दिली की आधी इचार करती, मंग हालती."

मी हसलो. नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो वगैरे सगळे जे बोलतात ते बोललो.

मग तो रविवार आला. मला शेवगावच्या मार्केट यार्डात बाजरी बघायची होती, म्हणून मी मॅडमच्या शेजारी बसून निघालो. कॉलनीतून निघालं की मनमाड रोड ओलांडावा लागतो. मॅडम थांबल्या. दोन्हीकडे पाहिलं. मोकळी जागा दिसताच रेस दिली. त्यांचा पाय खाली गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच एका गोष्टीवर झाला. पाय खाली गेला आणि गाडी नाक पुढं काढून तिथंच रेंगाळली. क्षणभरच. पण उसाचा ट्रक अंगावर येत असताना तो क्षण केवढा असतो ते आत बसल्याशिवाय कळत नाही. मग गाडी एकदम उसळली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, तरी त्याचा कोपरा आमच्या मागच्या बंपरला घासून गेलाच.

ट्रकवाला उतरून म्हणाला, "आजी, घरी बसायचं वय हाय तुमचं."

बघणारे जमले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानंही गाडीकडे पाहिलं नाही. सगळे मॅडमच्या पांढऱ्या केसांकडे बघत होते. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी सल्ला टाकला की ज्येष्ठांनी आपल्या मर्यादा ओळखाव्यात, आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. अरे, ओळखाव्यात काय? बाईंचा पाय वेळेवर पडला होता! उशीर गाडीनं केला, आणि बोल लागला बाईंच्या वयाला.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, "मी शेजारी बसलो होतो. आईनं रेस वेळेवर दिली. गाडीच हलली नाही."

तो अतिशय गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमचं वय काय आता?"

मी फोन ठेवला. 

मॅडम मात्र बोलत बसल्या नाहीत. सोमवारीच गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्या, मलाही साक्षीदार म्हणून नेलं. तिथं गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका माणसानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं. पूर्वी पॅडलपासून इंजिनापर्यंत वायर असायची, पाय दाबला की वायर ओढली जायची. आता तसं नाही. पाय किती दाबला ते पॅडल कॉम्प्युटरला कळवतं, आणि इंजिनात किती हवा सोडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मी अर्ज करायचा आन त्यानं मंजूर करायचा?"

"तसं म्हणा हवं तर," तो हसला. "थोडा उशीर सगळ्याच गाड्यांत असतो, मॅडम."

"सगळ्याच पार्टात दोष असला म्हनून मी कदी पास केला न्हाई."

मग त्यानं त्याचं शेवटचं अस्त्र काढलं. "वयामुळे पॅडल पूर्ण दाबलं जात नसेल, मॅडम." त्याला वाटलं, आपण किती अदबीनं बोललो. अशी अदब मला शिवीपेक्षा जास्त झोंबते. शिवीला निदान उत्तर देता येतं.

त्या आठवड्यात मॅडम फोनवर व्हिडिओ बघत बसल्या. त्यांना हवी ती गोष्ट सापडली एका दाक्षिणात्य माणसाकडे. तो काय बोलत होता ते आम्हा दोघांना अक्षरही कळलं नाही. "बोलनं न्हाई कळालं, पन हात कळाले," मॅडम म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये पदर खोचून गाडीत डोकं घालून आडव्या झाल्या. पाय दाराबाहेर. येणाजाणाऱ्यांपैकी दोघी धावत आल्या, बाई पडल्या म्हणून. "जित्ती हाय मी, जावा," असा आतून आवाज आला.

इंजिन चालू करून त्यांनी हातानं पॅडल दाबायला सुरुवात केली. मी बॉनेटपाशी कान लावून उभा.

"वाढला का आवाज?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"हां, आता."

"म्हंजे एवढा येळ हे पॅडल नुसतंच खाली येतंय. इंजिनाला खबरच न्हाई."

पॅडल सुटलेलं असताना त्याची मागची बाजू जिथं टेकते, तिथं त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घडी घालून बसवला आणि प्लॅस्टिकच्या केबल टायनं करकचून आवळला. म्हणजे सुरुवातीचा तो फुकटचा प्रवास आधीच संपलेला. पाय ठेवला की कामाला सुरुवात. एवढीच ती करामत. पहिल्यांदा घडी जाड झाली. किल्ली फिरवताच पॅडल कुणी न दाबता गाडी डरकाळ्या फोडायला लागली, आणि समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांसकट एक काकू आत पळाल्या. मॅडमनी गाडी बंद केली. "न्हाई चालायचं," स्वतःच्याच कामाला म्हणाल्या, आणि घडीचा एक पदर कमी केला. मग फट मोजायचं फीलर गेज सरकवून बघितलं, टाय हिसडून बघितला, पुन्हा बघितला. तुकडा सुटून पॅडलखाली गेला तर घात होईल, हे त्यांनी मला तीन-तीनदा ऐकवलं, जणू तो मीच बसवला होता.

आणि गाडी सुधारली. अगदी जुन्या वायरवालीसारखी झाली असं नाही म्हणणार, पण पाय ठेवला की निघायला लागली. मनमाड रोड आम्ही असा ओलांडला की मला काही बोलायलाच मिळालं नाही. इमामपूरच्या घाटात मॅडम गाणं म्हणत होत्या. पडदा बंद होता. त्या रविवारी अक्कांना न्हाऊ घालताना त्यांनी सगळी हकिकत सांगितली, आणि अक्का डोक्यावर फेस असताना म्हणाल्या, "लई शानी तू. आता पानी घाल, डोळं चुरचुरत्यात."

महिन्याभरानं मुलगा आला. घासलेला बंपर बघून गंभीर झाला, किल्ली मागितली, एक चक्कर मारून आला. उतरताना चेहरा खुललेला. "आई, गाडी मस्त झालीय की. कुठं दाखवलीस?"

इथं कुणीही शहाण्या माणसानं एखाद्या गॅरेजचं नाव सांगितलं असतं. मी तर मागून खुणा करत होतो. पण जिनं जन्मभर साहेबांसाठी एक पार्ट खोटा पास केला नाही, ती पोटच्या पोरासाठी कशाला थाप मारेल? मॅडमनी दार उघडलं, टॉर्च मारला आणि कौतुकानं दाखवलं.

तो वाकून बघत राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "सायकलची ट्यूब? आई, तू ठीक आहेस ना?"

ठीक आहेस ना! याच माणसाला मिनिटभरापूर्वी गाडी मस्त वाटली होती. त्याच गाडीनं, त्याच ट्यूबच्या जोरावर.

"तूच चालवलीस न्हवं आत्ता? चांगली वाटली का न्हाई?" मॅडमनी विचारलं.

"तो प्रश्नच नाहीये, आई."

"मंग कोनता प्रश्न हाय?"

त्यानं नेलकटरनं टाय तोडला, तुकडा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. एकटी राहते, दिवसभर काहीतरी उद्योग करत बसते, उद्या काय जोडेल नि काय तोडेल, हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलला. आई समोर उभी असताना! संध्याकाळी गाडी पुण्याला गेली. सूनबाईंना ऑफिसला जायला होईल, असं त्यानं जाताना सांगितलं. मी मधे पडलो, तर "काका, प्लीज" एवढंच म्हणाला. मी पुष्कळ भांडलो हो. पण काका म्हणजे कोण? तिसऱ्या घरातला म्हातारा. बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या फाटकाची कडी लावत होत्या, आणि ती कडी त्यांना नेहमीसारखी एका झटक्यात लागत नव्हती. 

पुढचे काही रविवार त्या एसटीनं गेल्या. कंडक्टर वरून ओढायचा, एखादा प्रवासी खालून आधार द्यायचा. सोमवारी त्यांचे गुडघे सुजलेले असायचे. मग एका रविवारी त्यांच्यानं उठवलंच नाही. शेजारणीनं फोनवर सांगितलं की अक्का तेलाची वाटी घेऊन दुपारपर्यंत ओट्यावर बसून होत्या, आणि हाका मारल्या तरी आत येईनात.

त्या आठवड्यात मॅडमनी टेम्पो बोलावला. गादी, डबे, मिक्सर, हत्यारांची पेटी. मी म्हटलं, "अहो, हे घर तुम्ही स्वतः बांधलंय. असं कुलूप लावून कायमच्या जाणार?"

"घर माजं हाय, भाऊ. पन रविवार तिकडं हाय."

टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी चढायला त्यांना माझा हात लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा माल वेळेवर रवाना केला, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.

माझ्यापासून तिसरं, मॅडमचं घर आता बंद असतं. कॉलनीच्या ग्रुपवर सगळे निर्धास्त आहेत.

गेल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. आवाज तितकाच गोड, पण थोडा अडखळणारा. "काका, जरा विचारायचं होतं. सिग्नलला गाडी अडते हो. पाय दिला तरी लवकर हलतच नाही. मागचे हॉर्न मारतात, ही घाबरते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात असंच असतं. आईनं ते नक्की काय केलं होतं?"

कुठं बसवायचं, किती पदरी, टाय कसा आवळायचा, सगळं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आईला विचार."

"ती माझे फोन घेत नाही."

"मग शेवगावला जा," मी म्हणालो. "गाडी आहे की तुझ्याकडे."